उजेडाला धरलेली चाळण

"चाळण्या कुठं गेल्या?"

बेगम बाजारातल्या त्या गल्लीत, ऐन गर्दीच्या वेळी, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात टोपण नसलेलं पेन घेऊन योगिनी रस्ता ओलांडून आली आणि दुकानाच्या ओट्यापाशी उभी राहून तिनं हा प्रश्न विचारला. आवाज असा, की तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या चाळण्या कुणी पळवल्या असाव्यात.

ओट्यावर बसलेला तरुण ताडकन उठला. उठताना त्याचा गुडघा स्टुलाला लागला, पण कळ चेहऱ्यावर येऊ न देता तो हसला.

"सगळ्या आत घेतल्या मॅडम. बाहेर एक पण नाही. बघून घ्या तुम्ही."

"तेच विचारतेय मी! सोमवारी इथं वर अकरा चाळण्या लटकत होत्या. गुरुवारी चार राहिल्या. आज एकही नाही. का?"

"आता तुम्ही सांगितलं नाही तरी आम्हाला समजतं ना, मॅडम." त्यानं फळीवरून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि आतले पिवळे पडलेले कागद तिच्यापुढं धरले. "हे ओट्याचे कागद. आजोबांच्या टाइमचा ओटा आहे. नालीच्या अलीकडंच आहे, मोजून घ्या. झाडू आत घेतले, सुपं आत घेतली. फक्त तो एक खराटा राहिला, तो पण आत्ता..."

"थांबा, थांबा. मी कोण आहे असं वाटतंय तुम्हाला?"

"महापालिकेच्या. अतिक्रमणवाल्या." तो जरा अवघडला. "पाच दिवसांपासून समोरच्या हॉटेलात बसून आमच्या दुकानाचं लिहायलात ना तुम्ही. अख्ख्या गल्लीला मालूम आहे."

योगिनीनं मान वळवून गल्ली पाहिली. आणि मग तिला दिसलं. शेजारच्या दोरीवाल्याची रस्त्यापर्यंत आलेली वेटोळी गायब होती. पलीकडच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या उतरंडी शहाण्या मुलांसारख्या उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती गल्ली मोकळी झाली होती, आणि ती मोकळी करणारी सरकारी बाई म्हणजे ती स्वतः! तिला हसू आवरेना. वही तोंडापुढं धरून ती हसत सुटली.

"अहो... मी गोष्ट लिहितेय."

"कंप्लेंट?"

"गोष्ट! कथा असते ना, तसं काहीतरी."

"आमच्या दुकानाची?" त्याच्या हातातले कागद हळूहळू खाली आले.

"हो. आणि तुम्ही माझी गोष्ट रोज थोडी थोडी आत नेऊन ठेवताय!"

त्यानं कागद पिशवीत घातले. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मघाच्या हसण्यापेक्षा फारच वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे योगिनीच्या लगेच लक्षात आलं. लक्षात यायचं काही कारण नव्हतं खरं तर... पण आलं.

"मी युवराज," तो म्हणाला.

"वा! आणि राज्य चाळण्यांचं."

*

आता योगिनी तिथं का बसत होती, ते सांगायला हवं.

योगिनीच्या कपाटात सतरा वह्या होत्या. प्रत्येक वहीत एका कथेची सुरुवात होती, आणि सुरुवात अशी की वाचणाऱ्यानं पुढचं पान उलटलंच पाहिजे. पुढचं पान कोरं असायचं. कधी पाहुणे आले, कधी डोकं दुखलं, कधी नवी आणि जास्त छान कल्पना सुचली... काही ना काही व्हायचं आणि योगिनीबाई वही मिटून उठायच्या. हिमायतनगरच्या एका चष्म्याच्या दुकानात ती दुपारी एकपासून लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. सकाळ सगळी मोकळी असायची, त्यामुळं वेळ मिळत नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

नारायणगुड्याला सुशीलाबाई राहत. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आणि कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. दर मंगळवारी त्यांच्या घरी लिहिणाऱ्या आठ-दहा जणांची बैठक भरे. नोव्हेंबरात बाईंच्या शेजारचे गृहस्थ काळे कपडे घालून, अनवाणी, अय्यप्पाच्या दीक्षेला बसले आणि बाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"तो माणूस एकेचाळीस दिवस चप्पल घालत नाही, जमिनीवर झोपतो, पहाटे गार पाण्यानं अंघोळ करतो," त्या बैठकीत कडाडल्या, "आणि तुम्हाला रोज एक पान लिहायला होत नाही? येत्या सोमवारपासून दीक्षा! एकच जागा, एकच वेळ, एकच विषय. रोज एक तास, एक पान. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून."

सगळे हसले. योगिनी हसली नाही. तिनं त्या दिवशी मनाशी पक्कं ठरवलं, की हे शेवटचं. एकेचाळीस पानं पुरी झाली तर ती स्वतःला लेखिका म्हणेल. अधेमधे मोडलं, तर सतराच्या सतरा वह्या रद्दीत घालायच्या आणि पुन्हा या वाटेला जायचं नाही.

जागा तिला अचानक सापडली होती. अफझलगंजला बसमधून उतरून आईसाठी रव्याची चाळण घ्यायला ती बेगम बाजारात गेली, आणि समोरच्या इराणी हॉटेलात चहा पिताना तिनं ते दुकान पाहिलं. नुसत्या चाळण्याच चाळण्या. मैद्याच्या, रव्याच्या, गव्हाच्या, ज्वारीच्या... उन्हात लटकलेल्या, आणि त्यांच्या जाळीच्या सावल्या ओट्यावर हलणाऱ्या. तिनं ठरवलं, विषय हाच. अकरा ते बारा.

*

तह झाला तो असा. युवराजनं सगळं पुन्हा होतं तसं लटकवायचं. पण कुठं काय होतं हे आता त्याला तरी कुठं आठवत होतं? मग योगिनीनं पहिल्या दिवसाचं पान उघडलं आणि ती वाचत गेली, तसा तो एकेक चाळण बांबूनं वर चढवत गेला.

"'पहिल्या खुंटीवर गव्हाची, सगळ्यांत मोठी...'"

"हौ."

"'तिच्या शेजारी रव्याची, कडं थोडं चेपलेलं...'"

युवराज थांबला. "रव्याची नव्हती ती. मैद्याची होती."

"रव्याची होती. मी बघून लिहिलंय."

"मैद्याची. कडं चेपलेली एकच आहे आमच्याकडं." त्यानं ती आणून तिच्या हातात दिली. "बघा जाळी. ह्यातून रवा पडतो का?"

योगिनीनं जाळीवर बोट फिरवलं. पडला नसता. तिचे कान तापले.

"म्हणजे मी बघितलंच नाही," ती पुटपुटली.

"बघितलं. नजर टाकली, बस." त्याच्या बोलण्यात हिणवणं नव्हतं, नाहीतर ती तिथून निघूनच गेली असती. "बघायचं असं असतं..."

त्यानं एक नवी चाळण उचलली, दोन्ही हातांनी उजेडाला धरली आणि तो गप्प झाला. गप्प झाला म्हणजे असा, की गल्लीतला हमाल ओरडत त्याच्या अंगावरून गेला तरी त्याची पापणी हलली नाही. चाळण गोल फिरत होती, अगदी सावकाश. मग अंगठा एका जागी थांबला.

"इथं. एक तार तुटली आहे."

योगिनीनं डोळे बारीक केले. दिसेपर्यंत तिला मिनिटभर लागलं.

"किती वर्षं करताय हे?"

"नऊ. पहिली दोन वर्षं बाबांनी मला गिऱ्हाइकाशी बोलूच दिलं नाही. फक्त चाळण बघायची. पहिले सहा महिने असला वैताग आला... मग एक दिवस डोळ्याला दिसायच्या आधी बोटालाच समजलं." त्यानं चाळण खाली ठेवली. "आणि आमच्या दुकानाचा एक कायदा आहे. चाळण उजेडाला धरलेल्या माणसाशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, बाबा असो, कुणी पण असो. बोललं की नजर सुटते. मग पुन्हा पहिल्या तारेपासून."

"पुन्हा एकपासून," योगिनी म्हणाली. तिला सुशीलाबाईंचा चेहरा आठवला.

*

दुसऱ्या आठवड्यापासून एक नवीच रीत पडली. बाराचा ठोका पडला की योगिनी वही घेऊन रस्ता ओलांडायची आणि ओट्यावर बसून त्या दिवसाचं पान युवराजला वाचून दाखवायची. वाचून दाखवावंच लागे. युवराजच्या घरी मराठी बोलत, पण शाळा झाली तेलुगू आणि इंग्रजीत. शाळेतल्या हिंदीच्या जोरावर तो मराठीची एक ओळ दहा मिनिटं ओढत न्यायचा.

"मला मराठी कानानं येते," तो म्हणायचा. "डोळ्यानं नाही."

पण कान मात्र त्याचा भलताच तिखट होता.

"इथं तुमचं ध्यान नव्हतं," एक दिवस तो मध्येच म्हणाला.

"कुठं?"

"'सुंदर ऊन पडलं होतं.' सुंदर म्हणजे काय बघितलं तुम्ही?"

योगिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. खरं होतं. त्या मिनिटाला ती ऊन बघतच नव्हती. युवराजनं बाह्या दुमडल्या होत्या, आणि ती... असो. दुसऱ्या दिवशी तिनं ऊन बघितलं. सव्वाअकराला ते मोठ्या चाळणीतून पायरीवर उतरतं, आणि साडेअकराला पायरीवरची चौकटीची नक्षी युवराजच्या चपलांवर चढते. तिनं ते तसंच लिहिलं.

"हां!" तो ऐकून म्हणाला. "आता बरोबर. आता मला पण दिसलं. नऊ वर्षं बसतो मी इथं, आणि माझ्या चपला मी बघितल्या नव्हत्या."

त्या एका 'हां'साठी योगिनी दिवसभर गुणगुणत राहिली.

रविवारी बाजार बंद असे. ती तरीही येई आणि बंद शटरवर पान लिही. हॉटेलातले म्हातारे हुसेनभाई चहा ठेवता ठेवता मान हलवत. "क्या अम्मा, बंद दुकान में क्या दिखता तुमकू?" पण तिच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला ते बसू देत नसत.

आणि एकोणिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता युवराज हिमायतनगरच्या चष्म्याच्या दुकानात येऊन थडकला.

"डोळे तपासायचेत," तो गंभीरपणे म्हणाला.

योगिनीनंही गंभीरपणे त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली आणि समोरच्या फळ्याकडं बोट केलं. त्यानं वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"हे स्पष्ट दिसतं... की हे?" तिनं भिंग बदललं.

"दोन्ही."

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. कशाला आलात?"

"तुम्ही मला रोज एक तास बघता," चौकटीआडून तो म्हणाला. "म्हटलं, दहा मिनिटं आपण पण बघावं... जवळून."

योगिनीच्या हातातलं भिंग निसटलं. ते तिनं वरच्यावर झेललं, ही नशिबाची गोष्ट.

*

तिसाव्या दिवशी मंगळवार होता. बैठकीत योगिनीनं मागच्या सात दिवसांची पानं मोठ्या ऐटीत वाचली. सगळे 'वा वा' म्हणाले. सुशीलाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"विषय काय घेतला होतास गं?"

"चाळण्यांचं दुकान."

"सात पानांत एक हसू आहे. कपाळावरचे केस आहेत. निळा शर्ट आहे, तो तर तीनदा आहे. चाळण कुठं आहे?"

योगिनीनं पानं भराभर उलटली. खरंच नव्हती.

"तो मुलगा चांगला असेल," बाई म्हणाल्या. "पण या पानांत तोही नाही. नुसतं तुझं पाघळणं आहे. प्रेमात पड, माझी ना नाही. पण अकरा ते बारा सोडून पड!"

बैठक खो खो हसली. योगिनीला मात्र घरी जाताना बसमध्ये रडू आलं. बाईंचा राग म्हणून नव्हे. बाई खरं बोलल्या म्हणून. सतरा वह्या अशाच गेल्या होत्या. लिहिण्यापेक्षा गोड असं काहीतरी दर वेळी आडवं येत होतं, आणि ही तर आजवरची सगळ्यांत गोड अडचण होती. ही अडचण तिला हवी होती. आणि एकेचाळीस पानंही हवी होती. दोन्ही मिळवायचं, असं तिनं बसमधून उतरता उतरता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना ती ओट्यापाशी गेली.

"आजपासून अकरा ते बारा तुम्ही माझ्याकडं बघायचं नाही."

"अँ?"

"तिथून खुणेनं मला चहा सांगायचा नाही. हात हलवायचा नाही. बारानंतर वाचून दाखवणंही बंद. एकेचाळीस पुरे होईपर्यंत."

"बघायचं पण नाही?"

"नाही."

"चुकून?"

"चुकूनपण नाही."

तो रागावेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "नजर सुटायली का?"

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळं."

हे ऐकून त्याचे कान लाल झाले, पण आवाज अगदी सरळ होता. "मग बरोबर आहे. अकरा दिवस, रोज एक तास. तुमचा." आणि मग, ती वळल्यावर, जरा मोठ्यानं, "बाकीचे तेवीस तास कुणाचे, ते नंतर बोलू!"

त्यानं स्टूल उचललं आणि रस्त्याकडं पाठ करून बसला. बसला तो रोज, घड्याळ लावल्यासारखा, अकरा ते बारा.

आणि काय गंमत बघा. चेहरा दिसेनासा झाला, तेव्हा योगिनीला माणूस दिसायला लागला. चाळण वर धरताना त्याचा डावा खांदा उजव्याहून किंचित खाली जातो. तुटकी तार सापडली की तो मान डोलावतो. वडिलांचं पाऊल वाजलं की पाठ ताठ होते, आणि ते आत गेले की सैल सुटते. रविवार सोडून नऊ दिवसांत तिनं त्याच्या पाठीवर नऊ पानं लिहिली. एकाही पानात 'सुंदर' नव्हतं. छत्तिसाव्या दिवशी ताप असतानाही ती स्वेटर घालून आली आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन, पान पुरं करून गेली. सदतिसाव्या दिवशीच्या बैठकीत सुशीलाबाईंनी पानं ऐकली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या म्हणजे काय, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

*

एकेचाळिसावा दिवस, शनिवार.

साडेअकराला योगिनीचं पान निम्मं झालं होतं. आणि मान वर करून तिनं पाहिलं तर दुकानाचं शटर अर्धं खाली येत होतं. शनिवारी? भर बाजारात?

आता तिची नजर तयार झालेली होती. दिसायचं ते सगळं तिला एकदम दिसलं. युवराजच्या पायात चपला नव्हत्या, बूट होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. कोपऱ्यावर भाड्याची गाडी उभी. आणि त्याचे वडील, प्रतापराव, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा खोका घेऊन गाडीकडं निघालेले. कोट घातलेले प्रतापराव तिनं चाळीस दिवसांत कधी पाहिले नव्हते.

मुलगी बघायला निघाले होते.

पेन थांबलं. उठावं, रस्ता ओलांडावा, सांगून टाकावं... खुर्ची मागं सरकलीसुद्धा.

आणि मग ती थांबली. सतरा वेळा ती अशीच उठली होती. दर वेळी कारण खरं होतं, दर वेळी तातडीचं होतं. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि पेन पानावर टेकवलं.

समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. बूट.

"योगिनी..." तो म्हणाला. पहिल्यांदाच. मॅडम नाही, काही नाही.

"पंचवीस मिनिटं," मान वर न करता ती म्हणाली.

युवराज पुढं एक शब्द बोलला नाही. समोरची खुर्ची ओढून बसला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि मग नारळ-पेढ्यांसकट प्रतापरावच हॉटेलात शिरले.

"अरे, उदगीरला तीनला पोचायचं म्हटलं ना! तुझी आत्या तिकडं पाहुण्यांना घेऊन बसली, आणि तू इथं चाय पिऊन राहिलास? चल ऊठ!"

"बाबा," युवराज अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "चाळण उजेडाला धरली आहे."

प्रतापरावांचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मग त्या मुलीकडं पाहिलं, जिची मान खाली होती, जिचं पेन थांबत नव्हतं, आणि जिला त्यांच्या ओरडण्यानं काही फरक पडलेला दिसत नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसानं हा कायदा दुकानात चालवला, तो तरी दुसरं काय करणार? त्यांनी तिसरी खुर्ची ओढली, आवाज होऊ नये म्हणून उचलूनच ओढली, आणि नारळ मांडीवर घेऊन बसले. हुसेनभाईंनी न सांगता तीन चहा आणले आणि बशा वाजू दिल्या नाहीत.

बारा वाजले. योगिनीनं शेवटचा पूर्णविराम दिला आणि मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर सरळ प्रतापरावांवर होती.

"काका, दोन मिनिटं ऐकाल?"

प्रतापरावांनी मान हलवली, आणि ती वाचायला लागली.

"'आज दुकान साडेअकरालाच अर्धं मिटलं. अर्ध्या शटरखालून पायरी दिसते, पण पायरीवर आज चपला नाहीत. त्या चपला घालणारा माणूस मुलगी बघायला निघाला आहे. मुलगी बघायला माणसं येतात, पोहे खातात, स्वयंपाक येतो का विचारतात आणि तासाभरात उठतात. मी मुलगा एकेचाळीस दिवस बघितला. त्यातले नऊ दिवस नुसता पाठमोरा बघितला. तुटकी तार सापडली तर ती चाळण तो बाजूला ठेवतो. कुणी बघत नसलं तरी ठेवतो. वडील आले की त्याची पाठ ताठ होते, ती भीतीनं नाही, मानानं. आज माझी नजर सुटू नये म्हणून तो पंचवीस मिनिटं समोर गप्प बसला आहे आणि त्याचा चहा गार झाला आहे. मुलगा मला पसंत आहे. ओटाही पसंत आहे. चाळण्या मात्र बाहेरच लटकवाव्या लागतील, एवढी एक अट आहे.'"

युवराजचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता.

प्रतापरावांनी घसा साफ केला. "एकेचाळीस दिवस? रोज?"

"रोज. एकही खाडा नाही. तापातपण आले होते."

"हा," त्यांनी हनुवटीनं युवराजकडं खूण केली, "पहिल्या दोन वर्षांत सत्तावीस खाडे होते याचे." मग बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले, उजेडाला धरून बघावं तसे. "घरी कोण कोण असतं, बेटा?"

"आई-बाबा. उद्या रविवार आहे, घरीच असतील."

प्रतापराव उठले. नारळ त्यांनी टेबलावर, वहीच्या शेजारी ठेवला, आणि पेढ्यांचा खोकाही. "मी तुझ्या आत्याला फोन करून येतो," ते युवराजला म्हणाले. "शिव्या मीच खातो. तू बस."

ते बाहेर गेले. योगिनीनं पेन उचललं आणि पानाच्या तळाशी, सतरा वह्यांत कधीही न लिहिलेला एक शब्द लिहिला. युवराज वाकून, अक्षरावर बोट ठेवून, ओढत ओढत वाचायला लागला.

"स... मा... प्त." त्यानं वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे तास संपला. तुम्हाला मघाशी काहीतरी सांगायचं होतं."

"मला? तुम्ही तर सगळं लिहूनच टाकलं!"

"ते माझं. तुमचं तुम्ही सांगा."

त्यानं कॉलर सैल केली. गार चहाचा घोट घेतला. "कुठून सुरू करू... तेच समजंना."

"सुरुवात कुठूनही करा," योगिनी हसली. "सुरुवाती माझ्याकडं सतरा वह्या भरून आहेत. तुम्ही फक्त शेवटापर्यंत न्या."

युवराजनं कप बाजूला सारला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तो तिच्याकडं बघायला लागला, अगदी सावकाश, काहीही सुटू न देता. हुसेनभाई गरम चहा विचारायला आले होते. त्यांनी दोघांकडं पाहिलं आणि एक शब्द न बोलता, पाय न वाजवता, ते तसेच मागं फिरले.